गोठा कुणाच्या नावावर

कुंभार्ली घाट

घाट उतरताना आमच्या एसटीच्या पुढे दुधाची गाडी होती. वळणावळणाच्या रस्त्यावर ड्रायव्हरला ती काही केल्या मागे टाकता येईना. आमच्या कराड-पाटण भागातलं दूध पिशव्यांत भरून रोज असं कोकणात उतरतं. गाडीच्या पुढे कडब्याचा ट्रक होता, तोही खालीच निघालेला. म्हणजे खालच्या माणसांचं दूधही वरून येतं आणि जनावरांची वैरणही वरून.

मी कराडजवळच्या एका दुग्धव्यवसाय प्रशिक्षण केंद्रात शिकवते. घरी गाई-म्हशी आहेत, लहानपणापासून हात शेणात आहेत, त्यामुळे शिकवणं फार अवघड जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यातून बायकांचे गट आमच्याकडे येतात. गोठा कसा असावा, वैरण कशी कुट्टी करून घालावी, धार कशी स्वच्छ काढावी, हे सगळं शिकतात. गोठ्याला अनुदान आहे, दुधाळ जनावराला आहे, वैरणीच्या बियाण्याला आहे, विम्याला आहे, ही माहितीही आम्ही देतो. त्या ती लिहून घेतात, निघताना आमच्या पाया पडतात, आणि घरी गेल्यावर बहुतेकजणी यातलं काहीच घेत नाहीत. मदत आहे, गरजही आहे, मग मधे काय अडतं, ते जाऊन बघून या, असं आमच्या प्रमुखांनी मला सांगितलं. मी शिमग्याचे दिवस निवडले. तेव्हा मुंबईला असलेले पुरुष गावी येतात, त्यांच्याशीही बोलता येईल असा हिशेब होता.

कुणाकडे जायचं ते माझ्या मनात पक्कं होतं. सुनंदा भुवड नावाची एक बाई आदल्या वर्षी प्रशिक्षणाला आली होती. चाळिशीच्या आतली, बोलायला कमी, पण प्रश्न विचारल्याशिवाय तास संपू द्यायची नाही. ही घरी जाऊन गोठा बांधणारच, असं मी सहकाऱ्यांना सांगून टाकलं होतं. तिनेही काही केलं नव्हतं.

चिपळूण

चिपळूणला संतोष मोरे मला घ्यायला आले होते. ते तालुक्यातले पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे जनावरांना टोचणं, कृत्रिम रेतन करणं, कानात बिल्ले मारणं आणि योजनांचे अर्ज पुढे सरकवणं ही कामं त्यांची. तिशीतला माणूस, मोटरसायकलच्या मागे कायम लशींचा एक बर्फाचा डबा बांधलेला. बाजारपेठेतून चालताना त्यांनी एका कापडाच्या दुकानाच्या भिंतीवरची मातकट रेघ दाखवली. पुराचं पाणी तिथवर आलं होतं. रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. दुकानदार तिच्याखाली बसून साड्यांच्या घड्या उलगडत होता.

जेवताना मी मोऱ्यांना विचारलं, लोक योजना का घेत नाहीत? त्यांनी सुरमईचा तुकडा नीट सोडवला आणि सांगितलं की प्रत्येक गावात कारण वेगळं सांगतात, पण ऐकून घेतलं की ते दोन-तीन ठिकाणीच येऊन थांबतं. कुठली ठिकाणं, ते त्यांनी सांगितलं नाही. "तुमी बघा, मंग आपण बोलू," एवढंच म्हणाले.

फणसकोंड

सुनंदाचं गाव चिपळूणपासून आत, डोंगराच्या कुशीत आहे. मोटरसायकल वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या पठारावर थांबली. खाली वाडीत जायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट आहे, तिला इकडे पाखाडी म्हणतात. पायऱ्यांवर वाळलेला पाला होता. तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच माझा पाय सरकला, चपलेचा अंगठा तुटला आणि उरलेली पाखाडी मी एक चप्पल हातात घेऊन उतरले. मोरे पुढे निघून गेले होते, हे बरं झालं.

पहिल्या घरापाशी एक म्हातारी काजूच्या बिया वाळत घालत होती. सुनंदा भुवड कुठे राहतात, असं विचारल्यावर तिने हात केला आणि म्हणाली, "सुनंदा वाड्यात हाय."

मी चक्रावले. सुनंदाने प्रशिक्षणात कधी वाड्याबिड्याचं सांगितलं नव्हतं. आमच्याकडे वाडा म्हटला की दगडी तट आणि नक्षीचा दरवाजा. मी त्या वाडीत एवढं मोठं घर कुठे दिसतं का ते शोधत फिरले आणि शेवटी मोऱ्यांनीच मला हाक मारून वळवलं. इकडे गुरांच्या गोठ्याला वाडा म्हणतात. आमच्याकडे वाडं म्हणजे उसाचे शेंडे, म्हशी ते खातात. इथे वाड्यात म्हशी राहतात.

सुनंदा धार काढून उठत होती. मला बघून तिने पदराला हात पुसले, आणि नमस्कार करायच्या आधी माझ्या हातातली चप्पल घेऊन कोपऱ्यात ठेवली. गोठा कुडाच्या भिंतींचा होता, वर पेंढ्याचं छप्पर. आत दोन म्हशी. एक गावठी, गवळण नावाची, आणि दुसरी चंद्री, मुऱ्हा रक्ताची, काळीभोर, बांधेसूद. जमीन मातीची होती आणि तिचा उतार आतल्या बाजूला होता. मी काही बोलायच्या आत सुनंदाच म्हणाली, की बाई, तुम्ही शिकवलात त्याच्या सगळं उलटं हाय.

पावसाळ्यात डोंगराचं पाणी मागच्या भिंतीतून झिरपत आत येतं आणि म्हशींच्या पायात साठतं. मागच्या पावसात चंद्रीच्या कासेला आजार झाला. मोरे ओढ्याला पाणी असल्यामुळे वेळेवर पोचू शकले नाहीत. म्हैस वाचली, पण एक सड कायमचा गेला. आता चंद्री गाभण होती आणि ऐन पावसाळ्यात विणार होती. त्याच चिखलात ती व्यायली तर तिचं किंवा रेडकाचं काय होईल, ते सांगायची गरज नव्हती. आम्ही तिघेही तिच्या पोटाकडे बघत होतो.

मग अर्ज का केला नाही, असं मी विचारलं. सुनंदाने आधी मला ओटीवर बसवलं आणि कोरा चहा दिला. दोन म्हशींच्या घरात कोरा चहा. दूध सकाळच्या वडापच्या जीपने चिपळूणला मिठाईच्या दुकानात गेलेलं असतं, आणि उरलं तरी चहात घालायची सवय नाही. आमच्याकडे पाहुण्याला असा चहा दिला तर घरात भांडण आहे असं समजतील. वाडीतल्या बाकीच्या घरांतही गुरं होती, पण ती मुख्यतः शेणासाठी. भाताची भाजावळ करायला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला शेण लागतं, नांगराला बैल लागतात. गाईने दूध दिलं तर दिलं. अशा माणसाला दुधाळ जनावराची योजना समजावून सांगणं म्हणजे झाडूवाल्याला छत्री विकण्यासारखं आहे, असं मोरे म्हणाले. त्यांची उपमा मला तितकीशी कळली नाही, पण मुद्दा कळला.

सुनंदाची अडचण मात्र वेगळी होती. तिला दूधच विकायचं होतं. गोठा बांधायला सपाट, कोरडी जागा घरामागे होती. पण सातबारा सामायिक होता. तिच्या नवऱ्याचं, दिलीपचं, नाव त्यात होतं. त्याच्या थोरल्या भावाचं होतं, चुलत्यांचं होतं, वारलेल्या माणसांचीही होती. अनुदान घेऊन पक्का गोठा बांधायचा तर सगळ्यांची संमती हवी. चुलते हो म्हणाले होते. थोरले दीर, वसंतदादा, दोनदा फोनवर नाही म्हणाले होते.

"फोनवर नाय म्हणायला सोपं पडतं," सुनंदा म्हणाली. "शिमग्याला येतील. समोर बसून विचारणार हाय."

दुपारी तिने नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि ओल्या काजूगरांची उसळ वाढली. काजूगर सोलून सोलून तिच्या बोटांची सालं निघाली होती. मी आमच्याकडच्या सवयीने ताक मागितलं आणि मागितल्यावर लाजले. तिने शेजारून आणून दिलं. शेजार म्हणजे शेवंतीकाकी घाग, एकटी राहणारी विधवा बाई. तिच्याकडे गुरं नव्हती. तिला ताक सुनंदानेच सकाळी दिलेलं होतं.

वेळणेश्वर

मुंबईकर यायला अजून अवकाश होता, म्हणून मोरे मला गुहागरच्या बाजूला घेऊन गेले. योजना घेतलेला एक माणूस मला दाखवायचा होता. वेळणेश्वरला देवळाच्या मागे नारळी-पोफळीच्या बागेत अप्पा राहतात. आडनाव सांगू नका म्हणाले, तर सांगत नाही. जन्मभर जहाजांवर होते, आता पर्यटकांना खोल्या भाड्याने देतात.

त्यांचा गोठा बघून मला आमच्या केंद्रातला नमुन्याचा गोठा आठवला. सिमेंटचा कोबा, योग्य उतार, गव्हाण, कडबा कुट्टीचं यंत्र, सगळं सरकारी अनुदानातून आणि सगळं नियमाप्रमाणे. आत एक गाय होती. उरलेल्या जागेत पाहुण्यांच्या मोटरसायकली आणि समुद्रावर टाकायच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

अप्पांनी काही लपवलं नाही. आधी पाच-सहा गाई होत्या. गवत कापायला माणूस मिळेना, दूध गोळा करणारी गाडी बंद झाली, शेवटी त्यांनी गाई विकल्या. त्यांनी आम्हाला आंबोळ्या खाऊ घातल्या आणि कॉफी दिली. कॉफीतलं दूध पिशवीचं होतं. गाईचं दूध त्यांची सून देवाच्या अभिषेकाला देते.

मी विचारलं, तुम्हाला सगळं एवढं सहज कसं मिळालं? अर्ज इंग्रजीत आला तरी अडत नाही, मुलाकडे संगणक आहे, कचेरीत ओळख आहे, असं काहीतरी ते सांगतील अशी माझी अपेक्षा होती. ते सगळं होतंच. पण अप्पांनी वेगळंच सांगितलं.

"माझी जमीन माझ्या एकट्याच्या नावावर हो. मला कोणाला विचारावंच लागलं नाही. ज्याला चौघांना विचारावं लागतं ना, त्याची हौस विचारता विचारताच फिटते."

परतताना समुद्र डाव्या हाताला बराच वेळ सोबत होता. मोरे गाडी चालवता चालवता म्हणाले, की जिल्ह्यात ज्यांना गोठा मिळतो त्यांना म्हशी नको असतात, आणि ज्यांना म्हशी हव्या असतात त्यांना गोठा मिळत नाही. मी हे डोक्यात टिपून ठेवलं, पण पूर्ण खरं मानलं नाही. सरकारी माणूस थकला की अशी वाक्यं बोलतो. मीही बोलते.

फणसकोंड, शिमगा

वाडी ओळखू येत नव्हती. कुलपं लागलेली घरं उघडली होती, अंगणात बॅगा आणि लहान मुलं होती, आणि पाखाडीवरून ढोलाचा आवाज उतरत होता. आमच्याकडे शिमगा म्हणजे धुळवड आणि मटण. इथे देवी स्वतः पालखीत बसून घरोघर येते, आणि ती येते म्हणून मुंबईची माणसं येतात. गणपतीला एखादा चुकेल, शिमग्याला चुकत नाही, असं मला तीन-चार जणांनी सांगितलं.

पालखी भुवडांच्या अंगणात आली तेव्हा ऊन कलत होतं. माणसांनी ती खांद्यावर नाचवली, मग पाटावर टेकवली. सुनंदाने ओटी भरली. गावच्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, की या घरातल्या मुलाबाळांना, नोकरीधंद्याला, गुराढोरांना सुखी ठेव. प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हटलं. वसंतदादांचा आवाज सगळ्यात मोठा होता. मुंबईला गोदीत नोकरी करून निवृत्त झालेला उंच माणूस, पांढरे स्वच्छ कपडे, बोलणं मऊ. मी त्यांच्याविषयी मनात एक चित्र करून ठेवलं होतं. ते पहिल्या भेटीतच बदलावं लागलं.

पालखी पुढच्या घरी गेल्यावर पुरुष ओटीवर बसले. मला पाहुणी म्हणून खुर्ची दिली. बायका माजघराच्या दारात थांबल्या. दिलीप, सुनंदाचा नवरा, खांबाला टेकून बसला. तो मुंबईत लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. दादांनी मला योजना समजावून सांगायला लावली आणि मधे एकदाही न बोलता ऐकून घेतली. मग त्यांनी त्यांच्या नकाराचं कारण सांगितलं.

त्यांच्या लहानपणी वडिलांनी एका चुलतभावाला सामायिक जमिनीत बैलगाडीसाठी आडोसा करू दिला होता. आडोशाला भिंती आल्या, भिंतींना घरपट्टीचा नंबर आला, आणि मग चिपळूणच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. वडील त्या तारखांना जाता जाताच म्हातारे झाले. दोन्ही घरं एकमेकांच्या मयतालाही गेली नाहीत.

"गोठा वाईट हाय असं मी म्हणत नाय," ते म्हणाले. "पण पक्कं बांधकाम एकदा झालं की ते मागे घेता येत नाय. भावात वाकडं यायला नको, म्हणून मी नाय म्हणतो."

घरामागच्या त्या सपाट जागेवर त्यांना स्वतःलाही दोन खोल्या बांधून गावी येऊन राहायचं होतं. हेही त्यांनी सांगून टाकलं.

मग दादांनीच तोड काढली. गोठा बांधा, पण अर्ज त्यांच्या नावाने करा. अनुदान त्यांच्या नावावर येईल, बांधकाम त्यांच्या नावावर राहील, म्हशी सुनंदाने बांधाव्यात. उद्या त्यांना जागा लागली तर तेव्हाचं तेव्हा बघू. ओटीवरच्या माणसांना ते पटलं. दिलीपने मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं. पावसाळा जवळ येत होता, गोठा होणं महत्त्वाचं होतं.

सुनंदा दाराच्या चौकटीतून एक पाऊल पुढे आली. थोरल्या दिरांशी ती एरवी थेट बोलत नसावी, कारण दारातल्या बायकांनी एकदम तिच्याकडे बघितलं.

"गोठा तुमच्या नावावर नि शेण माझ्या नावावर, असं नको दादा," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. ती एवढंच बोलली आणि आत गेली. दादा रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "मंग बघा कसं करता ते." थोड्या वेळाने आतून पुरणपोळ्यांची ताटं आली. सगळे जेवले. पोळ्या चांगल्या झाल्या होत्या.

मी आत जाऊन सुनंदाला समजावायचा प्रयत्न केला. कागदावर नाव कुणाचंही असो, चंद्री कोरड्यात विणेल ना? ती चुलीतला विस्तव मागे ओढत होती. मग म्हणाली, की उद्या एक म्हैस विकायची झाली, एक नवी घ्यायची झाली, तर प्रत्येक वेळी मुंबईला फोन लावावा लागेल. तसं असेल तर चिखल बरा. चिखल निदान तिचा होता.

पाखाडी चढताना दिलीप माझी पिशवी घेऊन सोबत आला. सड्यावर पोचल्यावर पिशवी मोऱ्यांच्या गाडीला अडकवता अडकवता म्हणाला, "ती बोलली ते बरोबरच बोलली, बाई. पण ते मी बोलायला हवं होतं."

फणसकोंड, दुसऱ्या दिवशी

निरोप घ्यायला मी सकाळी पुन्हा गेले. सुनंदा धार काढत होती, आणि गोठ्याच्या दाराशी शेवंतीकाकी घाग टोपलं घेऊन उभी होती. ही तीच ताकवाली शेजारीण. साठीच्या आसपासची, खांदे वाकलेले, नजर तीक्ष्ण. आदल्या दिवशी दारातल्या बायकांत ती होती, ते माझ्या आता लक्षात आलं. रोज सकाळी येऊन ती सुनंदाबरोबर शेण काढते आणि त्यातलं टोपलंभर आपल्या परसाला नेते. तो त्या दोघींचा जुना रिवाज होता.

मी उभी असतानाच तिने सुनंदाला सांगितलं, "माझ्या परसात बांध. तितं कोण नाय म्हणणारा नाय."

काकीचा नवरा ट्रक चालवायचा. त्याने ती जागा विकत घेतली होती आणि ती त्याच्यामागे काकीच्या एकटीच्या नावावर झाली होती. मुलंबाळं नाहीत. वाडीत जिच्या सातबाऱ्यावर एकच नाव आहे अशी ती बहुधा एकटीच असेल.

मी मोऱ्यांना वरून बोलावून घेतलं. त्यांनी जागा बघितली, उतार बघितला आणि अडचण सांगितली. गोठ्याचा अर्ज काकीच्या नावाने होईल, पण एका घरात चालून जातं तसं इथे चालणार नाही, जनावरंही काकीच्याच नावावर हवीत. कानातल्या बिल्ल्यावर जे नाव नोंदलेलं असतं तेच धरतात. काकीकडे तर एक शेळीसुद्धा नव्हती.

काकीने टोपलं खाली ठेवलं. सुनंदा चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, ती गवळणचं नाव घेईल.

"चंद्रीला काकीच्या नावावर करा," ती म्हणाली.

मोऱ्यांनी तिला सावकाश समजावलं, की हे नुसतं लिहिण्यापुरतं नसतं. उद्या काकी म्हणाली की म्हैस माझी, तर ती खरोखरच तिची असेल. सुनंदा म्हणाली, कळलं. शेवंतीकाकी शेण भरायला लागली.

आम्ही दोघी पाखाडीपर्यंत आलो तेव्हा मी सुनंदाला विचारलंच. काल दिरांच्या नावावर गोठा नको होता, आज शेजारणीच्या नावावर गोठा आणि वर म्हैसही, यात फरक काय?

"दादा मे महिन्यात येतील नि जागा बघतील. काकी रोज सकाळी येते नि म्हैस बघते."

पहिल्या दिवशी कोपऱ्यात ठेवलेली माझी तुटकी चप्पल तिने दुरुस्त करून आणली होती, ती पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवली. पाखाडी मी दोन्ही पायांत चपला घालून चढले.

कराडला आल्यावर

अहवाल लिहायला बसले. आमच्या नमुन्यात योजना न घेण्याच्या कारणांसाठी एक रकाना असतो, आणि त्यात आम्ही बहुतेक वेळा माहितीचा अभाव असं लिहितो. मी ते लिहिलं नाही. सामायिक जमीन, बाहेरगावी असलेल्या माणसांची संमती, न पोचणारी दुधाची गाडी, पावसात न पोचणारा डॉक्टर, शेणासाठी पाळलेलं जनावर, आणि शेजारणीवरचा विश्वास, असं लिहिलं. प्रमुखांनी सगळं ठेवलं आणि शेवटचं कारण काढून टाकलं. ते मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूने ते बरोबर होतं.

मोरे अधूनमधून फोनवर कळवत राहिले. वाडीत बोलणं झालं, की काकीने सुनंदाची म्हैस लाटली. एकीने तर सुनंदाला तोंडावर सांगितलं. वसंतदादांनी मुंबईहून फोन करून दिलीपला विचारलं, की घरची म्हैस परक्याच्या नावावर कशी केलीत? दिलीपने या वेळी उत्तर दिलं, की म्हैस तिने सांभाळलेली आहे, ती ठरवेल. यावर दादा काय म्हणाले ते मोऱ्यांना माहीत नव्हतं.

मंजुरी वेळेवर आली नाही. मे सरला तरी कागद कुठेतरी फिरतच होते. मग सुनंदा आणि काकीने वाट बघणं सोडलं. वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनी सड्यावरून जांभ्याचे चिरे डोक्यावर घेऊन पाखाडीने खाली आणले आणि गोठ्याचा तळ तेवढा बांधून काढला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. छपराला पत्रे नव्हते, म्हणून जुन्या गोठ्याचा पेंढा आणि वर ताडपत्री घातली. दिलीप सुट्टी काढून आला आणि त्याने वासे बसवले. पत्रे पुढे गणपतीनंतर चढले, मंजुरी आल्यावर.

श्रावणात एके दिवशी सुनंदाचा फोन आला. पावसाच्या आवाजात अर्धं ऐकू येत नव्हतं. चंद्री आदल्या दुपारी व्यायली होती. ओढा भरलेला, मोऱ्यांना येता येणार नव्हतं, ते फोनवरून सांगत राहिले आणि ह्या दोघींनी केलं. रेडी झाली होती. वेळेवर उभी राहिली, कासेला लागली, आणि म्हशीच्या पायाखाली पाण्याचा थेंब नव्हता. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं.

मी आनंद बोलून दाखवला, आणि मग माझ्यातली प्रशिक्षण देणारी बाई जागी झाली. म्हैस काकीच्या नावावर आहे, तर रेडी कुणाची, ते दोघींनी आत्ताच ठरवून घ्या, असं मी म्हटलं. पुढे वाद नको.

पलीकडून पावसाच्या आवाजातून सुनंदा हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बाई, ती काकीच्या लुगड्याचा पदर तोंडात धरून बसलेय. आमी दोघी ओढतोय, सोडत नाय."